रेडीमेड की असेंबल्ड?

गेले तीन वीकेंड मी एकाच प्रश्नात अडकलोय आणि गंमत म्हणजे प्रश्न माझा नाहीच. तो माझ्या चुलतभावाचा आहे. पठ्ठ्याची बारावी झाली, कऱ्हाडच्या शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला आणि वडूजहून फोन आला, "दादा, गेमिंग लॅपटॉप घेऊ का डेस्कटॉप असेंबल करू?"

बजेट ८५ हजार. गेम खेळायचेत, ब्लेंडर शिकायचंय आणि झालंच तर अभ्यासही करायचाय. (क्रम त्याचा, माझा नाही.)

पैसे अर्थातच नानांचे. नाना म्हणजे माझे काका. वडुजात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, व्हार्निश मारायचं. पंचवीस वर्षं हेच काम चालू आहे. खटाव तालुका दुष्काळी, पाणी खोल, त्यामुळे मोटारी जळायला तोटा नाही. पण शेतकऱ्याकडून पैसे येतात ते पीक निघाल्यावर, तेही थोडे थोडे. त्यामुळे हे ८५ हजार कसे साठले असतील याची मला कल्पना आहे. पोराच्या हातातून फोन घेऊन नाना म्हणाले, "आरं तू इंजिनिअर हायस, तूच सांग. फकस्त एक सांग, बिघडल्यावर त्यो उघडाय येतो का?"

मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "नाना, असेंबल करा."

फोन ठेवला आणि मग वाटायला लागलं की हा सल्ला नक्की कुणासाठी दिला? त्याच्यासाठी की माझ्या स्वतःच्या लहानपणासाठी?

कारण आमच्या घरी २००९ साली काँप्युटर आला तो असेंबल्डच होता. मी तेव्हा सहावीत. पप्पांनी साताऱ्याच्या एका दुकानातून १९ हजारांना जोडून आणला होता. ड्युअल कोअर, १ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क. वडूज ते सातारा जवळपास पन्नास किलोमीटर, पुसेगाव-कोरेगाव करत एसटीने. येताना मॉनिटरचा खोका पप्पांच्या मांडीवर आणि कॅबिनेट माझ्या पायात. लोडशेडिंगचे दिवस. लाईट कधी येणार याचं वेळापत्रक मला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं. यूपीएस पाच मिनिटं तग धरायचा, तेवढ्यात व्हाइस सिटी सेव्ह करायचं आणि शटडाऊन! उन्हाळ्यात धुरळा इतका की महिन्याला कॅबिनेटची बाजू उघडून नानांच्या दुकानातल्या ब्लोअरने साफ करायला लागायचं. त्या साफसफाईतच मला रॅम म्हणजे काय, पंखा कुठे असतो, कुठली वायर काढली की काय बंद पडतं हे कळलं. मी आज जी काही नोकरी करतोय तिची सुरुवात त्या उघड्या कॅबिनेटपाशी झाली असं मी सगळ्यांना सांगत असतो.

याउलट पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसमधून घेतलेला माझा गेमिंग लॅपटॉप. वॉरंटी संपली आणि चौथ्या महिन्यात मदरबोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरवाल्याने शांतपणे ३२ हजारांचा आकडा सांगितला. ग्राफिक्स चिप बोर्डालाच चिकटवलेली, प्रोसेसर पण चिकटवलेला, त्यामुळे एक गेलं की सगळंच गेलं.

म्हणजे माझ्याकडे दोन किस्से आहेत, आणि दोन किश्शांवरून दुसऱ्याचे ८५ हजार खर्च करायला सांगणं काही बरं नव्हे. अशा वेळी शहाणा माणूस यूट्यूबवर रिव्ह्यू बघतो. मी इतिहास वाचायला घेतला. सवयच वाईट, काय करणार :)

तर मंडळी, तयार काँप्युटर विकत घ्यायचा की सुटे भाग आणून स्वतः जोडायचा, हा प्रश्न आपल्या देशाला पहिल्यांदा पडला तो १९५० च्या दशकात. तेव्हा देशात काँप्युटर नावाची वस्तू नव्हतीच. आणि दोन शहरांनी त्याची दोन वेगळी उत्तरं दिली.

कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने, म्हणजे महालनोबिसांच्या संस्थेने, तयार मशीन घेतलं. ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचं एचईसी-२एम. ते १९५५ साली विलायतेहून आलं. महालनोबिसांना आकडेमोड करायची होती आणि ती लवकर करायची होती. पंचवार्षिक योजनांचे दिवस होते ते. त्यांच्यासाठी काँप्युटर हे साधन होतं, त्यामुळे साधन विकत घेणं हे सरळ उत्तर.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे होमी भाभांच्या टीआयएफआरने, बरोबर उलटं ठरवलं. आपण स्वतः बांधू. १९५४ च्या सुमारास रंगस्वामी नरसिंहन अमेरिकेतून गणितातली डॉक्टरेट घेऊन संस्थेत आले होते. त्यांच्या भोवती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी तरुण मंडळी जमली. आता यातली मजा बघा. नरसिंहन सोडले तर या टीममधलं कुणी परदेशात गेलेलं नव्हतं. काँप्युटर बांधणं सोडाच, कुणी कधी वापरलेलाही नव्हता! हातात होते ते परदेशातल्या मशिनांवरचे छापील रिपोर्ट. आपण निदान यूट्यूब बघून प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावतो. यांनी कागद वाचून काँप्युटर बांधायला घेतला.

त्यांनी एक शहाणपणा केला. एकदम मोठं मशीन न करता आधी छोटं प्रायोगिक मशीन केलं. ते १९५६ साली चालू झालं. ते चालतंय म्हटल्यावर १९५७ पासून मोठं मशीन बांधायला घेतलं आणि १९६० च्या फेब्रुवारीत ते रीतसर कामाला लागलं. जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाब्यातल्या नव्या इमारतीचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं, त्याच महिन्यात मशीनचं बारसंही झालं. नाव ठेवलं टिफ्रॅक.

त्याची स्पेसिफिकेशन ऐका. सुमारे २७०० व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत लाल होऊन पेटायचे तसल्या काचेच्या निर्वात नळ्या. १७०० जर्मेनियम डायोड. साडेबारा हजार रेझिस्टर. हे सगळं अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाड्यात बसवलेलं. मेमरी फेराइट कोअरची, म्हणजे बारीक चुंबकीय कड्या तारांमध्ये ओवलेल्या, आणि एकेका कडीत एकेक बिट. ४० बिटांचे २०४८ शब्द मावायचे. मी गुणाकार करून बघितला, बरोबर १० केबी. चुलतभावाच्या फोनमध्ये एखादं स्टिकर याहून जड असेल. पण फेराइट कोअर मेमरी ही त्या वेळी जगातही नवीच गोष्ट होती. म्हणजे रॅमच्या बाबतीत आपली माणसं अजिबात मागे नव्हती.

आता असेंबलवाल्यांना (म्हणजे मला) न आवडणारा भाग. टिफ्रॅकचे भाग ठरले १९५५ च्या आसपास, आणि मशीन पूर्ण झालं १९६० ला. मधल्या पाच वर्षांत जग व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. आयबीएमचं ट्रान्झिस्टरवालं ७०९० मशीन १९५९ सालीच बाजारात आलं होतं. म्हणजे टिफ्रॅकचं उद्घाटन झालं त्या दिवशीच ते जुनं झालेलं होतं. वर प्रोग्रॅम लिहायचा तो शून्य-एकच्या भाषेत, कारण त्याच्यासाठी कंपायलर कुणी लिहिणार? मशीन आपलंच, तर कंपायलरही आपणच लिहायचा. तयार मशीन घेतलं की त्याच्याबरोबर तयार सॉफ्टवेअरही येतं, हा मुद्दा तेव्हाही होता आणि आजही आहे.

मग टीआयएफआरने काय केलं? १९६४ साली सरळ अमेरिकेतून कंट्रोल डेटा कंपनीचं सीडीसी ३६०० विकत आणलं. ट्रान्झिस्टरचं, ४८ बिटांचे ३२ हजारांवर शब्द मावणारं, फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहू देणारं मशीन. टिफ्रॅक पुढच्या वर्षापर्यंत रिटायर झालं.

हे वाचल्यावर मी पहिल्यांदा खट्टू झालो. म्हणजे काय, एवढी मेहनत फुकट? पाच-सहा वर्षं बांधलं आणि जेमतेम पाच वर्षं चाललं? कुणी म्हणेल की महालनोबिसांसारखं सुरुवातीलाच विकत घेतलं असतं तर?

पण जरा पुढचं वाचलं की हिशोब बदलतो. सीडीसी ३६०० आलं तेव्हा ते बघून दडपून जाणारी माणसं टीआयएफआरमध्ये नव्हती. मेमरी कशी चालते, मशीन कुठे अडतं, कशासाठी किती वेग लागतो हे ज्यांनी हाताने सोल्डर करून शिकलं होतं अशी माणसं तिथे बसली होती. ते मशीन मग एका संस्थेपुरतं राहिलं नाही, देशातल्या इतर संस्थांचे संशोधकही त्यावर काम करायला लागले. आणि पुढे याच टीआयएफआरमधून सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, तेच १९८५ मध्ये एनसीएसटी झालं. देशातल्या पहिल्यावहिल्या इंटरनेट जोडण्यांचं जे काम १९८० च्या दशकात झालं त्यात या एनसीएसटीचा मोठा हात होता. नरसिंहनना १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली.

एका वाक्यात सांगायचं तर मशीन पाच वर्षांत भंगारात गेलं आणि माणसं तीस वर्षं कामाला आली. नानांच्या भाषेत, मोटार गेली पण मिस्त्री तयार झाला.

मग जिथे मिस्त्री तयार होत नाही तिथे काय होतं? त्याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. १९६० च्या दशकात भारतात काँप्युटर म्हणजे आयबीएम असं समीकरण होतं. कंपनी मशीन विकण्यापेक्षा भाड्याने द्यायची. परदेशात वापरून जुनी झालेली १४०१ मशिनं मुंबईतल्या कारखान्यात ठीकठाक करून इथल्या ऑफिसांत लावली जायची. महिन्याचं भाडं भरा, बिघडलं तर कंपनीचा माणूस येईल, झाकण तुम्ही उघडायचं नाही. थोडक्यात आजची एक्स्टेंडेड वॉरंटी. चालू आहे तोवर सुख.

१९७३ चा फेरा कायदा आला. परदेशी कंपन्यांनी इथली मालकी ४० टक्क्यांवर आणावी असा त्यात आग्रह होता. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना ही तार ताणली गेली आणि १९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. मशिनं इथेच राहिली, पण ती उघडणारी माणसं ज्या कंपनीची होती ती कंपनीच गेली! ती मशिनं चालू ठेवायचं काम मग सरकारी सीएमसीने अंगावर घेतलं. नावच बघा, काँप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. एक अख्खी सरकारी कंपनी, आणि तिचं मूळ काम काय, तर बिघडल्यावर उघडणं. नानांचा प्रश्न किती जुना आहे ते मला इथे कळलं.

आता थोडं जगात फिरून येऊ, कारण "असेंबल्ड" हा शब्द वडूजपर्यंत कसा पोचला ते त्याशिवाय कळणार नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये त्याच आयबीएमने छोटा पीसी काढला. घाई होती, त्यामुळे नेहमीसारखं सगळं स्वतः बनवत न बसता बाजारातले सुटे भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, डॉस मायक्रोसॉफ्टची. वर आतली सगळी रचना मॅन्युअलमध्ये छापून टाकली, म्हणजे बाकीच्यांना कार्डं बनवता यावीत. त्यांच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट राहिली, बायोस. १९८२ च्या अखेरीस कॉम्पॅकने तीही स्वतःची वेगळी लिहून हुबेहूब चालणारं मशीन आणलं. १९८४ पासून फिनिक्सचं बायोस कुणालाही विकत मिळायला लागलं आणि मग धरणाचे दरवाजेच उघडले. तैवानमध्ये मदरबोर्ड, कोरियात मेमरी, जोडणारा कुणीही.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या नव्या काँप्युटर धोरणाने भाग आणणं सोपं झालं, १९९१ नंतर आणखी सोपं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत मदरबोर्ड दिसायला लागले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं. स्क्रूचं भोक कुठे, पॉवरची पिन कुठे, सगळं जगभर एकसारखं. १९९७ साली भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरची जकात काढून टाकायच्या जागतिक करारात भाग घेतला आणि २००५ पर्यंत ती बरीचशी गेली. म्हणून २००९ मध्ये साताऱ्याचा दुकानदार अर्ध्या तासात, एका स्क्रू ड्रायव्हरने, आमच्यासमोर काँप्युटर जोडू शकला. पप्पांचे १९ हजार पुरले त्यामागे हा एवढा इतिहास होता. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

पण असेंबलिंगचा आपल्याकडचा खरा दादा माणूस पुण्यात बसला होता.

१९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला सुपरकाँप्युटर हवा होता. अमेरिकेने मोठा द्यायला नकार दिला आणि धाकटा, क्रे एक्स-एमपी १४, दिल्लीला दिला. तोही हवामानासाठीच वापरायच्या अटीवर. तेव्हा पैसे असूनही "घ्यायचा" हा पर्यायच अर्धा बंद झाला. मग मार्च १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झालं. प्रमुख विजय भटकर, मूळ अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं, बजेट ३० कोटी.

१९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो असेंबल्ड होता. होय! त्याचे प्रोसेसर पुण्यात बनले नव्हते. ते इंग्लंडमधल्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, बाजारात मिळणारे. एकेकटा ट्रान्सप्युटर क्रेपुढे किरकोळ, पण त्याला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या दिलेल्या होत्या. ६४ जोडा, २५६ जोडा, आणि काम वाटून द्या. कौशल्य होतं ते जोडण्यात आणि वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. अमेरिकेने तयार डबा नाकारला, पण सुटे भाग बाजारात होते.

पुढची गंमत गेमिंगवाल्यांना लगेच कळेल. ट्रान्सप्युटरचा वेग कमी पडायला लागला तेव्हा सीडॅकने त्यांच्या जोडीला इंटेलचा आय८६० प्रोसेसर बसवून परम ८६०० केला. आपण जुन्या कॅबिनेटमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड घालतो तसंच! इनमॉस कंपनी विकली गेली, ट्रान्सप्युटर काळाच्या पडद्याआड गेला, पण परम थांबला नाही. १९९८ ला परम १०००० आला तो वेगळ्याच प्रोसेसरवर. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली, कोलकात्याला परम रुद्र सुरू झाले. भाग बदलत गेले, नाव तेच राहिलं, कारण जोडणारे हात राहिले.

बरं, हे सगळं वाचून माझी छाती फुगली आणि मी म्हटलं, झालं, असेंबल्डच! मग वही घेऊन त्याच्या ८५ हजारांचा हिशोब मांडायला बसलो आणि हवा गेली.

डेस्कटॉपच्या यादीत सगळे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड लिहितात. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड, माऊस, विंडोजचं लायसन्स लिहायला विसरतात. ते धरले तर अठरा-वीस हजार तिथेच गेले. सुट्या भागांचे भाव आपल्या हातात नाहीत हा दुसरा त्रास. २०२०-२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं पळवली, २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव भडकवले. जगात कुठेतरी कुणाला तरी भूक लागते आणि वडूजच्या पोराचं ताट रिकामं होतं.

लॅपटॉपच्या बाजूनेही फसवणूक आहेच, पण ती नावाची. आरटीएक्स ४०९० हे नाव डेस्कटॉपच्या कार्डालाही आहे आणि लॅपटॉपच्या चिपलाही. डेस्कटॉपमध्ये १६,३८४ कोअर आणि ४५० वॅट. लॅपटॉपमध्ये ९,७२८ कोअर आणि साधारण १५० वॅट. चिपच वेगळी, नाव तेवढं सारखं. आणि आपल्या बजेटमधल्या लॅपटॉप ४०६० चं तर आणखी वेगळं. ती ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा कंपनीला आहे. म्हणजे दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर, आणि एक दुसऱ्याच्या कितीतरी मागे. नानांना हे लगेच पटलं. "म्हंजे पाच एचपीची पाटी लावून आत तीन एचपीचं वाइंडिंग," ते म्हणाले. अगदी तेच नाना!

पण शेवटी ज्या गोष्टीवर गाडी अडली ती साधीच होती. पोरगं चार वर्षं हॉस्टेलला राहणार. दर दोन-तीन आठवड्यांनी एसटीने वडूजला येणार. परीक्षेनंतर महिना महिना घरी. डेस्कटॉप एकाच जागी बसणाऱ्या माणसाची वस्तू आहे, आणि तो पुढची चार वर्षं एका जागी बसणारच नाही. त्यात वडुजात लाईट पूर्वीइतकी जात नसली तरी जातेच, आणि लॅपटॉपचा यूपीएस त्याच्या पोटातच असतो.

मी टिफ्रॅकच्या गोष्टीकडे परत गेलो. १९६४ साली तिथल्या लोकांनी हट्ट केला नाही. आम्ही बांधलंय म्हणून आम्ही हेच वापरणार असं म्हणत बसले नाहीत. कामाला मोठं मशीन लागत होतं, ते घेतलं. बांधायच्या वेळी बांधलं आणि घ्यायच्या वेळी घेतलं. आणि आधी बांधलेलं असल्यामुळे घेतलेल्याच्या आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. मी मात्र चुलतभावाला माझं २००९ साल विकायला निघालो होतो, ८५ हजारांना, आणि पैसे नानांचे.

तर ठरलं, लॅपटॉप. पण निवडायची रीत आम्ही बदलली. खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का, रॅमचे दोन्ही स्लॉट मोकळे आहेत का, एसएसडीला दुसरी जागा आहे का, पंखे काढून धूळ झाडता येते का, आणि ग्राफिक्स चिप नक्की किती वॅटवर चालवलीय. हे पाच रकाने केले, दिसायला कसा आहे हा रकाना काढून टाकला. (आरजीबी लाईटवरून थोडं भांडण झालं. ते सोडा.)

आणि एक अट घातली. लॅपटॉप यायच्या आधी आमचं जुनं २००९ चं कॅबिनेट त्याने स्वतः उघडून चालू करायचं. ते बंद पडून आठ वर्षं माळ्यावर पडलं होतं.

मागच्या शनिवारी वडूजला गेलो. नानांच्या दुकानात, मोटारींच्या मधे जागा करून कॅबिनेट आडवं पाडलं. आधी ब्लोअर मारला. जी धूळ निघाली त्यात बाजरी पेरता आली असती. पोराने मॅन्युअल न बघता प्रत्येक वायर काढली, फोटो काढून ठेवला, परत लावली. रॅम काढून खोडरबरने पिना पुसल्या. बटण दाबलं तर पंखा एक गिरकी घेऊन थांबायचा. माझा सगळा अनुभव पणाला लावून मी निदान केलं, एसएमपीएस गेला. दुसरा जोडून बघितला. तेच.

नाना इतका वेळ बाजूला बसून एका मोटारीत तार भरत होते. हात पुसत आले, चष्मा लावला, मदरबोर्डकडे अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाले, "ह्यो फुगलाय बग."

प्रोसेसरच्या शेजारी कपॅसिटरची रांग असते. त्यातल्या दोघांची डोकी वर आली होती. मी दहा वर्षं इंजिनिअरिंगच्या नावाने खातोय, मला दिसलं नाही. नानांना दिसलं, कारण मोटारीचा कपॅसिटर फुगतो तसाच हाही फुगला होता. पोराला बाजारपेठेतल्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे पिटाळलं. त्याच मापाचे दोन, मिळून चाळीस रुपये. सोल्डर नानांनी केलं, प्लस-मायनस पोराने तपासलं, मी टॉर्च धरला.

बटण दाबलं. बीप!

बॅटरी कधीच संपली होती, त्यामुळे मशीनला आपण २००९ च्या जानेवारीत आहोत असं वाटत होतं. दोन मिनिटांनी एक्सपीचं हिरवं डोंगर आलं. व्हाइस सिटीचा आयकॉन जागच्या जागी. चुलतभावाने त्याकडे बघितलं, मग उघड्या मदरबोर्डकडे बघितलं, आणि गेम न लावता विचारलं, "दादा, लॅपटॉपमधे पण हे असतेत का?"

असतात रे, बारीक असतात.

लॅपटॉप पुढच्या आठवड्यात घेतोय. नानांनी आजच बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणून ठेवलाय, वॉरंटी संपायची वाट बघतायत :)